हजेरी

आमच्याकडे बटाट्यांना नावं होती,
गुरांना असतात तशी.
पूमाचा पंजा. गोरी पोर. काळी पोर.
एक होता, सुनेला रडवणारा.
त्याच्या अंगाला इतक्या खाचा, इतके डोळे
की सोलायला बसलेल्या नव्या सुनेच्या डोळ्यांतून
सासूच्या मनाजोगतं पाणी निघायचंच.
आई म्हणायची, मी नाही रडले.
बाबा म्हणायचे, मी लामांच्या मागे होतो, मला काय विचारता.

फेब्रुवारीत ज्या हिवाला शिव्या द्यायच्या
जूनमध्ये त्यालाच आवतण.
तिबुर्सियोकाका रात्री अंगणात जाऊन
थुंकीनं ओलं केलेलं बोट वर धरायचा,
म्हणायचा, आज पडतंय.
मग गवतावर पसरलेले बटाटे आम्ही पुन्हा सारखे करायचो,
एकाला एक खेटू न देता.
तीन रात्री हिवाच्या. चौथ्या सकाळी पायांच्या.
सगळं घर अनवाणी
गोठलेल्या ढिगांवर, एकमेकांच्या खांद्याला धरून,
आणि बोटांच्या फटींतून गार पाणी
चिर्र.
माझं वजन कमी, म्हणून मला कडेचा ढीग.
नंतर ऊन. नंतर तो बटाटा राहत नाही,
चुन्यो होतो, काळा, खड्यासारखा टणक,
हातात घेतला तर काहीच न घेतल्यासारखा.
दहा वर्षं टिकतो, बाबा सांगायचे.

मग एका साली आभाळ आलंच नाही.
लामा विकल्या. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही.
ट्रकमध्ये आम्ही सहाजण, एक शिवणयंत्र,
आणि चुन्योची दोन पोती.
एल आल्तोला उतरलो तेव्हा आईनं आधी
इयिमानीचं शिखर शोधलं.
होतं. फक्त उलट्या अंगानं दिसत होतं,
ओळखीच्या माणसानं पाठ करून बसावं तसं.

बाबांना काम मिळालं विटांचं.
माती, पाणी, गवताचा भुसा, आणि तुडवायचं.
पाय तेच.
संध्याकाळी ते दारात पाय धूत बसायचे
आणि आई चुन्यो भिजत घालायची.
पहिलं पोतं संपलं तेव्हा आमच्या दोन भिंती उभ्या होत्या.
दुसरं कधी संपलं, आठवत नाही.

मी मिनीबसच्या दारात लटकून ओरडायला लागले:
सेहा, सेहा, सेहा! पेरेस! प्रादो! बसा, जागा आहे!
(नसायची.)
एका दमात अकरा थांबे.
एलेउतेरियो, आमचा ड्रायव्हर, विचारायचा
इतका दम आणतेस कुठून पोरी.

गेल्या जूनमध्ये बाबा स्लॅबवर चढले,
जिथे पुढच्या मजल्याच्या सळ्या
वीस वर्षं पुढच्या मजल्याची वाट बघतायत.
निळ्या प्लॅस्टिकवर बाजारचे बटाटे मांडले.
कसले? म्हटलं.
कसले म्हणजे, किलोचे.
हिव पडलं. ते इथेही पडतं, त्याला कोणी पत्ता विचारत नाही.
चौथ्या सकाळी बाबा एका हातानं सळी धरून
तुडवत होते, हळू,
आणि खालून शेजारीण ओरडत होती, गळतंय हो गळतंय.
त्या चुन्योला डिझेलचा वास आला.
आईनं एक घास घेतला, म्हणाली, मीठ कमी.
आम्ही सगळा खाल्ला.

ऑगस्टमध्ये बाबा गेले.

मी तिसऱ्या दिवशी कामावर.
पहाटेची गाडी, काचा धुरकट,
सेहा, सेहा, पेरेस, म्हणता म्हणता
तोंडातून आलं, गोरी पोर, काळी पोर, पूमाचा पंजा,
सुनेला रडवणारा,
आणि पुढचं नाव आठवेना.
एलेउतेरियोनं आरशात पाहिलं.
मागच्या सीटवर, मांडीवर गाठोडं घेतलेल्या एका म्हातारीनं
टोपी न हलवता, झोपेतच असल्यासारखं
ते नाव सांगितलं.
मी म्हटलं, आजी, कुठलं गाव तुमचं?
तिनं बाहेर बघितलं, म्हणाली, इथे थांबव,
आणि भाड्यात पन्नास पैसे कमी देऊन उतरली.